फुटकी काच

हातातून निसटली असता माणसाचा जीव खालीवर व्हावा, अशा वस्तू पूर्वी फार नव्हत्या. लोणच्याची बरणी आणि चिमणीची काच एवढ्यांवर यादी संपत असे. आता तिच्या अग्रभागी मोबाईल येऊन बसला आहे. आम्ही या भीतीची आजवर टिंगल करीत आलो. परंतु महिन्यापूर्वी दुधाची पिशवी, चष्मा आणि मोबाईल ही तिन्ही एकाच हातात सांभाळून जिना चढण्याचा पराक्रम आम्ही केला, आणि तिघांतली सर्वांत महाग वस्तू फरशीवर पालथी पडली. उचलून पाहतो तो एका कोपऱ्यापासून थेट मध्यापर्यंत तड्यांचे जाळे पसरलेले!

घरात तत्काळ दोन पक्ष पडले. “अहो, फुटकी काच घरात ठेवू नये,” असे सौभाग्यवतींनी शास्त्र सांगितले. “बाबा, नवाच घ्या,” असा चिरंजीवांचा अर्थशास्त्रीय सल्ला पडला. कंपनीच्या अधिकृत केंद्रात चौकशी केली, तेव्हा अपघाताने फुटलेली काच हमीत बसत नाही असे समजले, आणि खर्चाचा आकडा ६,५०० रुपये निघाला. तीन वर्षांपूर्वी १४,००० रुपयांस घेतलेल्या यंत्राला आज बाजारात कोणी ४,००० देखील देणार नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो हाच.

मग फुकटचे उपाय पुढे आले. शेजारच्या एका सद्गृहस्थांनी दातांची पेस्ट चोळावयास सांगितली. हे उपाय का फसतात, हे समजण्यास काचेची घडण थोडी पाहिली पाहिजे. ही काच सुमारे ४०० अंश उष्णतेच्या वितळलेल्या पोटॅशियमच्या क्षारात बुडवितात. काचेतील सोडियमचे लहान आयन बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन दाटीवाटीने शिरतात. त्या दाटीमुळे पृष्ठभाग सदैव दाबलेला राहतो, आणि तो दाब हेच काचेचे बळ होय. एखादी चीर त्या थरापलीकडे गेली की तडा भराभर धावतो. पेस्टने तो सांधत तर नाहीच. उलट पेस्टमधील बारीक खर काचेवरचा तेलकटपणा रोखणारा लेप मात्र घासून काढते, आणि तिचा ओलावा भेगांतून आत उतरतो. झटपट चिकटविणाऱ्या डिंकाच्या वाफेने काचेवर पांढुरके डाग पडतात, ते निराळेच.

अखेर बुधवार पेठेतील तपकीर गल्ली गाठली. तेथल्या तरुण कारागिराने प्रथम दोनच प्रश्न विचारले. “काका, चित्र नीट दिसतंय का? आणि बोट लागतंय का?” दोन्हींस होकार मिळताच त्याचा चेहरा उजळला. वरची काच आणि तिच्याखालचा चित्र दाखविणारा पडदा या दोन वेगळ्या वस्तू असून त्या पारदर्शक गोंदाने जोडलेल्या असतात. चित्र शाबूत असेल, तर ऊब देऊन नुसती वरची काच सोडविता येते. आमच्या यंत्रास त्याचे ९०० रुपये. काळा डाग पसरला असेल किंवा रंगीत रेघा दिसत असतील, तर मात्र सगळा संच, त्याच्या भाषेत ‘कॉम्बो’, बदलावा लागतो. त्याची नक्कलही २,२०० रुपयांच्या खाली नाही, आणि नकलेत रंग फिके. “घाई असेल तर आत्ता करून देतो. नाहीतर टेप लावा, महिनाभर काही होत नाही. फोटो आणि नंबर तेवढे दुसरीकडे उतरवून घ्या. आणि दुरुस्तीला द्याल तेव्हा सिमकार्ड काढून द्या.” बोट लागेनासे झाले, तरी चित्र दिसत असल्यास एका लहानशा जोडणीने बहुतेक यंत्रांस संगणकाचा माउस लावून आतले सर्व काढून घेता येते, हेही त्यानेच शिकविले.

महिनाअखेर असल्यामुळे आम्ही टेपचा मार्ग पत्करला. पारदर्शक चिकटपट्टीने बोटास कच लागत नाही आणि घामही आत जात नाही. खर्च पाच रुपयांच्या आत.

त्याच आठवड्यात वर्गात आम्ही मोबाईलवरून एक कविता वाचून दाखवीत होतो. २०२० च्या टाळेबंदीत उतारे मोबाईलवर धाडण्याची जी सवय लागली, ती आमच्या महाविद्यालयात अद्याप सुटलेली नाही. पाचव्या ओळीवर शब्द तड्याखाली सापडला आणि आम्ही अडखळलो. त्या क्षणी आम्हांस एक मुलगी आठवली. दोन महिन्यांपूर्वी याच वर्गात वाचताना ती मध्येच थांबली होती, आणि “घरून वाचून येत जा” असे आम्ही तिला सर्वांदेखत सुनावले होते. वर्ग हसला होता. तिच्या मोबाईलवरील चिकटपट्टी आम्हांस दिसली होती. पण ती आम्ही गबाळेपणाच्या खात्यावर मांडली होती.

तास संपल्यावर तिला विचारले. “सर, तेवढ्या पट्टीत काहीच दिसत नाही. मी आधी वहीत उतरवून घेते, त्या दिवशी राहून गेलं.” नुसती काच बदलता येते, हे ज्ञान आम्ही उत्साहाने तिला दिले. ती म्हणाली, “विचारून आले सर. माझा आतला पडदाच गेलाय. पूर्ण संच लागतो.” आमच्या ९०० रुपयांच्या शहाणपणाचा तिला काडीचा उपयोग नव्हता.

पैसे देऊ करावेत असे क्षणभर मनात आले. परंतु सर्वांदेखत केलेल्या चुकीची भरपाई खासगीत करणे सोयीचे असले, तरी न्याय्य नव्हे. दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गातच चूक कबूल केली, आणि सर्व कवितांच्या छापील प्रती वाटल्या. माणशी बारा रुपये पडले, ते आम्ही सोसले. प्रती घेण्यास आणखी चार विद्यार्थी घाईने पुढे आले, तेव्हा फुटक्या काचा वर्गात किती होत्या याचा आम्हांस उलगडा झाला.

आमची काच पगारानंतर बदलून आली. सौभाग्यवतींनी ती उजेडाकडे धरून निरखिली आणि विचारले, “जुनी काच तिथेच टाकून आलात ना?”