दोन खेपांचे गुण

आमच्या काळी गुणपत्रिका एकच असे. बरी असो वा वाईट, तीच सर्वांपुढे ठेवावी लागे. त्यामुळे अमेरिकेतील महाविद्यालयांसाठी दोनदा ‘एसएटी’ दिलेली आमची नात जेव्हा म्हणाली, “आजोबा, कुठले गुण पाठवायचे ते आपणच ठरवायचं असतं,” तेव्हा आम्हां उभयतांना नवल वाटले.

ही परीक्षा १६०० गुणांची. वाचन-लेखनाला ८००, गणिताला ८००. पहिल्या खेपेस तिला गणितात ७६० आणि वाचन-लेखनात ६१० मिळाले. दुसऱ्या खेपेस वाचन-लेखन ७०० वर चढले, पण गणित ७२० वर उतरले. आता काय धाडावे?

२००९ पासून कोणत्या तारखेचे गुण पाठवायचे, ही निवड ‘कॉलेज बोर्डा’ने विद्यार्थ्यांवर सोपवली आहे. मात्र एका तारखेचे दोन्ही विभाग एकत्रच जातात; इथले गणित नि तिथले वाचन असे वेचून धाडता येत नाही. ते वेचण्याचे काम महाविद्यालयाचे. एमआयटी प्रत्येक विभागातील सर्वोच्च गुण धरते. जॉर्जटाउन विद्यापीठ सगळ्या खेपांचे गुण मागते, तेथे निवडीचा प्रश्नच उरत नाही. चार ठिकाणी गुण विनामूल्य जातात, पण ती नावे परीक्षेनंतर नऊ दिवसांत कळवावी लागतात, म्हणजे बहुधा निकाल हाती येण्यापूर्वीच. पत्रिका न पाहता साखरपुडा उरकण्यातलाच हा प्रकार! आपल्याकडील ‘जेईई मेन’ बरी म्हणायची. २०१९ पासून ती वर्षातून एकाहून अधिक वेळा होते आणि त्यांतले सरस गुण परीक्षा घेणारी संस्थाच धरते.

चिरंजीवांचे म्हणणे, दुसरीच खेप धाडावी. एकूण बेरीज तिची अधिक, आणि ते ६१० कोणाच्या दृष्टीस तरी का पडावे? नातीला ते मान्य नव्हते. “मला इंजिनिअरिंगला जायचंय बाबा, आणि ७६० काही कोणी उसने दिलेले नाहीत!” दोन दिवस घरात जेवणे मुकाट्याने झाली. आम्ही मध्ये पडलो नाही. पण मत विचारताच मुलीच्या बाजूने दिले. उत्तम गुण वेचून घेणाऱ्यांना दोन्ही खेपा दाखवल्या तर १४२० चे १४६० होतात, हा साधा हिशेब सूनबाईंनी कागदावर मांडला आणि चिरंजीव नरमले.

यादीतल्या प्रत्येक महाविद्यालयाचा नियम निरनिराळा वाचून मगच दोन्ही खेपा रवाना झाल्या. तिसऱ्यांदा बसणार का, असे आम्ही सहज विचारले. “आता निबंध लिहायचे आहेत,” म्हणत ती उठून आत गेली.