फाईल हलकी करताना

स्मरणिकेसाठी लेख पाठवावा, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा प्रथम मनात आले, की वसतिगृहाच्या आठवणी तर सगळेच लिहितील. पहाटेची वंदना, पिठले-भाकरी, सुट्टीला घरी जाताना भरलेले डोळे हे सारे माझ्याहून चांगले लिहिणारे आपल्यात पुष्कळ आहेत. मी एका महाविद्यालयाच्या कार्यालयात लिपिक आहे. ज्या कामात माझे दिवस जातात आणि ज्या कामात एकदा माझ्या हातून आपल्याच शाळेच्या एका विद्यार्थ्याचे नुकसान झाले, त्याविषयीच लिहावेसे वाटले. ते काम म्हणजे संगणकावरील कागदपत्रांचा आकार कमी करणे. विषय रुक्ष आहे, हे मान्य. पण आज शिष्यवृत्तीपासून वसतिगृह प्रवेशापर्यंत आपल्या मुलांची प्रत्येक वाट या कामावरून जाते.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या शाळेतून दहावी झालेला एक मुलगा बारावीनंतर अभियांत्रिकीला जाऊ पाहत होता. त्याच्या जात पडताळणीचा अर्ज भरायचा राहून गेला होता. ज्यांनी हा अर्ज भरला आहे त्यांना ठाऊक आहे, की अनुसूचित जातीच्या अर्जदाराला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. या मुलाच्या घरी असा एकच कागद होता, तो म्हणजे आजोबांच्या शाळेतील प्रवेश निर्गम नोंदवहीच्या पानाची प्रत. शाई विटलेली, कागद पिवळा, कडा कुरतडलेल्या. वडिलांनी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत, त्यावर रुमाल गुंडाळून आणला होता. मोबाइलवर घेतलेले त्याचे छायाचित्र चार एमबी भरले आणि अर्जाच्या पानाला त्याच्या कितीतरी पट लहान फाईल हवी होती.

संध्याकाळ झाली होती, दाराबाहेर आणखी मुले उभी होती. मी मोबाइलवरील स्कॅनच्या सोयीत ‘काळे-पांढरे’ हा पर्याय निवडला. फाईल एकदम हलकी झाली, पान पांढरेशुभ्र दिसू लागले. मला तर ते मूळ कागदाहून स्वच्छ वाटले! अपलोड झाले, पावती निघाली. दोन आठवड्यांनी त्रुटी आली, की पुरावा वाचता येत नाही. मी फाईल उघडून मोठी करून पाहिली. छापील रकाने ठळक होते, नाव अर्धे होते, आणि प्रवेशाची तारीख व जातीचा रकाना कोरे होते. मुळात फिकट असलेली शाई त्या यंत्राने कागदाच्या पिवळेपणातच जमा केली आणि दोन्ही पुसून टाकले.

दुरुस्ती केली, पण प्रमाणपत्र मुदतीत हाती आले नाही. राखीव जागेवरील प्रवेश टिकला नाही, खुल्या प्रवर्गाचे शुल्क भरण्याची घरची ऐपत नव्हती आणि त्याचे वर्ष गेले. त्याचे वडील मला एवढेच म्हणाले, “ताई, तुम्ही काय मुद्दाम केलं का?” त्यांनी रागावून बोलले असते तर मला हलके वाटले असते.

त्यानंतर मी हे काम मुळापासून समजून घेतले. संगणकाच्या दृष्टीने स्कॅन केलेला कागद म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. ए-४ आकाराचा कागद इंचाला ३०० ठिपके या प्रमाणात स्कॅन केला, तर आडवे २,४८० आणि उभे ३,५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपके होतात. रंगीत चित्रात प्रत्येक ठिपक्याला ३ बाइट लागतात. म्हणजे एका पानाचे मूळ वजन सुमारे २६ एमबी. करड्या छटांत तेच पान ८.७ एमबीचे होते. निव्वळ काळ्या-पांढऱ्यात ठिपक्याला एक बिट पुरतो, म्हणून ते १.१ एमबीवर येते. माझी चूक याच ठिकाणी होती. एका बिटात ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच मावते, ‘फिकट आहे’ हे मावत नाही. ताज्या छापील कागदाला काळे-पांढरे उत्तम, पण विटलेल्या शाईला करड्या छटाच हव्यात. तिथे वजन दुसऱ्या मार्गाने उतरवावे. इंचाला ३०० ऐवजी १५० ठिपके घेतले, तर लांबी आणि रुंदी दोन्हींत निम्मे झाल्यामुळे ठिपक्यांची संख्या चौथाईवर येते. शिवाय कडेला आलेले टेबल, चादर, धरणाऱ्याचा अंगठा हे सारे कापून टाकावे. त्याचे वजन आपण फुकट वाहत असतो.

यापुढची पायरी म्हणजे ठिपक्यांची नोंद थोडक्यात करणे. तिच्या दोन तऱ्हा आहेत. पहिलीत काहीच हरवत नाही. एका ओळीत दोन हजार पांढरे ठिपके लागोपाठ असतील तर प्रत्येकाची हजेरी न घेता ‘दोन हजार पांढरे’ एवढे लिहिले की भागते. फॅक्स यंत्रे याच युक्तीवर चालत. दुसरी तऱ्हा जेपीईजीची. हे प्रमाण १९९२ साली ठरले. त्यात चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतात आणि डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे सोडून देतात. आकाशाला, डोंगराला ते चालते. अक्षराला मात्र धारदार कड असते, आणि दाब वाढवला की ती फुटून भोवती धुरळा जमतो. एकदा सोडलेला बारकावा परत येत नाही. शंभर केबीची फाईल पुन्हा मोठी केली तर नुसते वजन वाढते. अशी आवळलेली चित्रे झिप करून काही साधत नाही, कारण त्यांतली हवा आधीच काढलेली असते.

यंत्रावर किती भरवसा ठेवावा, याचे एक उदाहरण २०१३ साली जर्मनीत घडले. डेव्हिड क्रीझेल या संगणक अभ्यासकाला आढळले, की घराच्या आराखड्याची प्रत काढताना एक यंत्र खोल्यांच्या क्षेत्रफळाचे आकडेच बदलत आहे. जागा वाचवण्यासाठी ते यंत्र एकसारखी दिसणारी अक्षरे शोधून सर्वांच्या जागी एकाचाच ठसा उमटवी, आणि त्या नादात ६ चा ८ होई. अंधूक आकडा निदान शंका तरी उत्पन्न करतो. तो सुबक आणि चुकीचा आकडा कोणालाच खटकला नसता.

म्हणून आता माझ्या टेबलाशी येणाऱ्या मुलाला मी आधी विचारते, या कागदावरचे नेमके काय वाचले जाणार आहे? बहुधा उत्तर क्रमांक, तारीख, सही आणि शिक्का हेच असते. फाईल लहान केल्यावर तेवढेच मोठे करून पाहते आणि क्रमांक मुलाला मोठ्याने वाचायला लावते. मूळ स्कॅन वेगळ्या नावाने जपून ठेवते. मुले टंकलेला अर्ज छापून त्याचे पुन्हा छायाचित्र काढतात, तेव्हा मात्र मी रागावते. युनिकोडमधील देवनागरी चिन्हाला साधारणपणे ३ बाइट लागतात, म्हणजे दोन हजार चिन्हांच्या पानाचा मजकूर अवघा सहा केबी. त्याची थेट पीडीएफ काढली तर ती छायाचित्राच्या मानाने अगदी लहान राहते आणि अक्षर कितीही मोठे केले तरी फुटत नाही. आणखी एक सांगून ठेवते. फुकटात फाईल लहान करून देणाऱ्या अनोळखी संकेतस्थळांवर आधार किंवा जातीचा दाखला चढवू नये. आपला कागद कोणत्या देशातील कोणत्या संगणकावर गेला हे आपल्याला कळत नाही. हे काम आपल्याच मोबाइलवर किंवा संगणकावर करता येते.

तो मुलगा पुढच्या वर्षी प्रवेश मिळवून आता अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात आहे. दिवाळीत भेटला तेव्हा त्याने लहान भावाच्या अर्जाची फाईल मला दाखवली. आजोबांचे तेच पान होते, करड्या छटांत, तारखेसह. “ताई, मीच केली,” म्हणाला. मी तरीही मोठी करून पाहिली.

या स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांकडून आलेली छायाचित्रे एकत्र करण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा हाच प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला. पहिल्या तुकडीचे सामूहिक छायाचित्र आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर मिळाले, तेही हातोहात फिरत आलेले. सहा इंच रुंद आणि चांगले छापायचे तर आडवे १,८०० ठिपके हवेत. त्यात आहेत सुमारे ७५०. एका रांगेत पंधरा मुले, म्हणजे एकेकाच्या वाट्याला पन्नास ठिपके आणि चेहऱ्याला जेमतेम पंचवीस. उजव्या टोकाला, पदर डोक्यावर घेतलेली, स्वयंपाकघरातली आपली मावशी उभी आहे. तिचे दुसरे छायाचित्र कोणाकडेही नाही. तिच्या चेहऱ्याच्या जागी तीन-चार तपकिरी चौकोन आहेत.

त्या छायाचित्राची कागदी प्रत कोणाच्या तरी घरी, पत्र्याच्या पेटीत असणार. ज्यांच्याकडे असेल त्यांनी ती खिडकीच्या उजेडात सपाट ठेवावी, वरून सरळ छायाचित्र घ्यावे आणि पाठवताना ‘फोटो’ म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. तसे पाठवले की व्हॉट्सअ‍ॅप फाईल आवळत नाही, आहे तशी पोचवते. फाईल मोठी झाली तरी चालेल. छपाईला जाईपर्यंत ते पान मी रिकामे ठेवले आहे.