माझंच हॅलो, मलाच

आज दिवसभर फोनवर स्वतःचंच ‘हॅलो’ ऐकत होतो. ऑफिसात इंटरनेटवरची नवी फोनयंत्रणा आल्यापासून हा ताप आहे. हेडसेट बदलला, वायर बदलली, फरक शून्य. मग उमगलं, आपला प्रतिध्वनी आपल्याला ऐकू आला की दोष बहुधा पलीकडच्या टोकाला असतो. तिथल्या स्पीकरमधला आपला आवाज तिथलाच माइक पकडतो आणि परत पाठवतो. जुन्या लाइनवरही थोडा आवाज परतायचाच, पण 20-25 मिलिसेकंदांत आलेला कानाला वेगळा जाणवत नाही. इंटरनेटवर उशीर वाढतो आणि तोच आवाज उघडा पडतो.

शेवटी पुणे शाखेतल्या ताईंना म्हटलं, “स्पीकर बंद करून रिसीव्हर उचला बरं.” घुमणं क्षणात थांबलं.

दोन दिवस मी मात्र माझ्याच टेबलाखाली वायरी चाचपत होतो.