मंगळ आणि राजहरा

दर सव्वीस महिन्यांनी मंगळ पृथ्वीच्या जवळ येतो, तेव्हा वैशाली नगरातील आमच्या गच्चीवरून त्याला ओळखण्यासाठी पंचांग उघडावे लागत नाही. खाली कारखान्याच्या बाजूचे आकाश भट्ट्यांच्या उजेडाने तांबूस झालेले असते. हा त्याहून खूप वर, एकटा आणि निवांत. मुलूख सोडून राहणाऱ्या माणसाला आकाशातील असले जुने परिचित फार बरे वाटतात. गाव बदलते, भाषा बदलते, भाजीवाल्याशी घासाघीस करण्याची क्रियापदेसुद्धा बदलतात. मंगळ मात्र नागपूरला होता तसाच भिलाईलाही असतो. पण येथे आल्यापासून त्याच्याकडे पाहताना निव्वळ ओळखीपेक्षा जवळचे असे काही मनात येते. त्या ग्रहाचा तांबडा रंग आणि या गावाची भाकरी एकाच पदार्थातून आली आहेत. तो पदार्थ म्हणजे लोखंडाचा गंज.

भिलाईचे खनिज येते सुमारे ९० किलोमीटरवरच्या दल्ली-राजहराच्या डोंगरांतून, आणि त्या डोंगरांच्या कथेत आपल्या नागपूरचाही एक छोटासा प्रवेश आहे. १९०३ साली दोराबजी टाटा नागपुरात एका सरकारी अधिकाऱ्याला भेटण्यास गेले होते. साहेब जागेवर नव्हते. (ही परंपरा इतकी जुनी आहे हे वाचून आम्हां नोकरदारांना धीर येतो.) वेळ काढण्यासाठी ते समोरच्या संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, शिरले आणि तेथे मध्य प्रांताच्या भूस्तरांच्या नकाशावर दुर्ग जिल्ह्याचा भाग लोखंडाच्या खुणेने रंगवलेला त्यांना दिसला. डोंगर सापडले, खनिजही उत्तम निघाले. पण टाटांनी पुढे मयूरभंजचे खनिज पसंत केले आणि राजहरा अर्धे शतक तसाच पडून राहिला. १९५५ साली सोव्हिएत देशाशी करार झाला व ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. मधल्या काळात, १९५७ च्या ऑक्टोबरात, त्याच देशाने पहिला कृत्रिम उपग्रह आकाशात सोडला होता.

राजहराला जाऊन आले की बूट, बाह्या, रुमाल सारे तांबडे होते. कपडे झटकताना हे ध्यानात येत नाही की, आपण एका समुद्राचा तळ झटकीत आहोत. दोनशे कोटी वर्षांहूनही पूर्वी समुद्राच्या पाण्यात लोखंड विरघळलेले होते, कारण त्याला गंजवणारा मोकळा प्राणवायू जवळजवळ नव्हताच. मग डोळ्यांना न दिसणारे काही जीव सूर्यप्रकाशावर जगू लागले आणि प्राणवायू बाहेर टाकू लागले. लोखंड गंजले, जड झाले आणि थरावर थर साचत तळाशी बसले. लोखंडाचे पोट भरल्यानंतरच प्राणवायू हवेत उरू लागला. तुमचा-माझा श्वास त्या उरलेल्यातला आहे. राजहरा म्हणजे त्या व्यवहाराची जुनी वही.

मंगळावरही गंजच आहे. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी निघालेले आपले मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी तेथे पोहोचले. सहा महिन्यांच्या हिशेबाने धाडलेले ते यान २०२२ पर्यंत बोलत राहिले. त्याने पाठविलेले त्या संपूर्ण गोलाचे चित्र मी पाहिले तेव्हा राजहराचीच आठवण झाली. फरक एवढाच, की तेथे कोणाच्या श्वासाचा पुरावा अजून मिळालेला नाही. पाणी कधीकाळी वाहत होते, ते गेले. हवाही बरीचशी अवकाशात निसटली. आज तिचा दाब आपल्या हवेच्या शतांशाहूनही कमी आहे.

आणि भिलाईत आम्ही काय करतो? त्या जीवांनी लोखंडाला जोडून दिलेला प्राणवायू कोळशाच्या साहाय्याने पुन्हा तोडतो. लोखंड मोकळे होते आणि प्राणवायू कोळशाशी संगनमत करून धुराड्यातून निघून जातो. टनभर पोलादामागे सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड, असा या रीतीचा ढोबळ हिशेब आहे. राजहराचे चांगले खनिज सरत आल्याने दृष्टी आता रावघाटाकडे वळली आहे. तेथे तोच गंज दाट अरण्याखाली आहे, आणि त्या झाडांचा उद्योगही त्या प्राचीन जीवांचाच आहे.

आमच्या शेजारी भट्टीवर आयुष्य काढलेले एक भंडाऱ्याकडचे गृहस्थ राहतात. त्यांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मग काय भाऊसाहेब, रेल्वेचे रूळ लाकडाचे करता?" मला उत्तर सुचले नाही. याच भट्टीच्या जिवावर त्यांची मुले शिकली, आणि माझे घरही हिच्याच सावलीत उभे आहे. कोळशाऐवजी हायड्रोजन वापरून स्वीडनमध्ये २०२१ साली पोलाद तयार झाले, हे मी सांगून पाहिले. हायड्रोजन कशाने काढायचा, असे त्यांनी विचारले. विजेने, म्हटले. "आणि वीज कोरब्याची, म्हणजे कोळशाचीच," ते म्हणाले.

पण विषय त्यांच्या डोक्यातून गेला नव्हता. दोन दिवसांनी गच्चीवर मंगळ दाखवताच त्यांनी आपण होऊन हिशेब मांडला. खनिज तर तिथे वाटेल तेवढे. पण कोळसा? अरण्येच झाली नाहीत, तर कोळसा कुठला. भट्टीत फुंकायला वारा? त्यात प्राणवायू नाही. एक बोट मुडपून झाले, दुसरे झाले. चुनखडीचे मी खात्रीने सांगू शकलो नाही, तेव्हा तिसरे अर्धवट मुडपून ते थोडा वेळ वर पाहत राहिले.

"म्हणजे आपल्या भट्टीत जे जे पडतं," ते सावकाश म्हणाले, "ते सगळं आधी कुणीतरी जगून ठेवलेलं." आणि मग हसून, "तिकडे बदलीचा हुकूम निघाला, तर वैद्यकीय रजा टाका बरं का!"