चकती निघून गेल्यावर

कागद हरवला म्हणजे वस्तूचा इतिहासही हरवतो काय? अभिलेखांवर विसंबणाऱ्या आपणा इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. मला त्याचे उत्तर स्कॉटलंडच्या ‘मोनार्ट’ काचेत सापडले.

पर्थ शहरातील मॉनक्रीफ यांचा कारखाना मुख्यतः बाष्पकांसाठी व प्रयोगशाळांसाठी काच घडवीत असे. १९२२ मध्ये मूळचे बार्सिलोनाचे साल्वादोर इसार्ट तेथे रुजू झाले. त्यांनी फुंकलेली रंगीत फुलदाणी मालकांच्या कुटुंबातील इझोबेल मॉनक्रीफ यांना भावली आणि १९२४ मध्ये मोनार्ट बाजारात आली. नावातला ‘मोन’ मालकाचा; ‘आर्ट’ हा कलेचा वाचक खराच, पण इसार्ट या आडनावाचा उत्तरार्धही तोच.

तप्त काचेचा गोळा रंगीत काचेच्या भुकटीवर लोळवून त्यावर पारदर्शक काचेचा थर चढवीत. रंग असा कायमचा आत बंदिस्त होई. सही मात्र नसे. तळाशी कागदाची एक चकती चिकटवलेली असे. तिच्यावरील अक्षरे आकार सांगत, रोमन अंक माप आणि पुढचा क्रमांक रंग. धुण्यापुसण्यात ती निघाली की भांडे निनावी होई.

अशा वेळी तळ वाचावा लागतो. महायुद्धानंतर साल्वादोर यांनी व्हिन्सेंट व ऑगस्टीन या पुत्रांसह ‘वासार्ट’ काढले. तेथील अनेक भांड्यांच्या तळाशी ‘वासार्ट’ अशी सही आढळते. पुढे क्रीफ येथील ‘स्ट्रॅथर्न’च्या तळावर उसळी घेणारा सामन मासा उमटला. थोरले पुत्र पॉल मात्र मॉनक्रीफकडेच राहिले. त्यांच्या कित्येक पेपरवेटांत ‘पीवाय’ ही आद्याक्षरे काचेतच गुंफलेली दिसतात. १९६१ मध्ये मोनार्टचे उत्पादन थांबले.

संग्राहक सामान्यतः वासार्टहून मोनार्टला अधिक मोल देतात. मोठा आकार, दुर्मीळ रंग व शाबूत चकती यांनी किंमत चढते. टवका वा तडा गेला की उतरते. पण चकती एका भांड्यावरून दुसऱ्यावर चिकटवणे अवघड नाही. म्हणूनच तिच्यावरील संकेत समोरच्या आकाराशी, मापाशी व रंगाशी ताडून पाहावे लागतात. दोहोंत विसंगती आढळली, तर कौल काचेच्या बाजूने द्यावा.

ताम्रपट असो वा बखर, आपली रीत हीच आहे. येथे तिच्यावर केवळ किंमत अवलंबून नाही. स्पेनहून आलेल्या एका कुटुंबाच्या श्रमाला त्याचे नाव परत मिळणार की नाही, हेही तीच ठरवते.