बैलाची खोड

आमच्या मंडळीतील तरुण संघाने गेल्या पावसाळ्यात मला एक पत्र पाठविले. त्यांचे शिबिर भरणार होते आणि 'दैनंदिन जीवनात ख्रिस्ती श्रद्धा' या विषयावर मी तासभर बोलावे, अशी त्यांची इच्छा होती. शाळामास्तर, त्यात दोन-चार कादंबऱ्या नावावर असलेला, म्हणजे बोलायला तयारच असणार असा लोकांचा समज असतो. मी होकार कळवला आणि त्या रात्री कागद घेऊन बसलो. चार वाक्ये लिहिली. चारही चांगली होती. पण ती वाचून मला माझीच लाज वाटली. कारण या विषयातील माझा गुरू कोणी धर्मपंडित नव्हे, एकोणीस वर्षांचा माझा भाचा. आणि हा धडा मी मिळवला तो म्हशाच्या बैलबाजारात. ती हकीकत वाचकांपुढे ठेवतो.

म्हसा हे मुरबाड तालुक्यातले गाव. एरवी इतर चार गावांसारखेच. पण पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची जत्रा भरली की तेथे पाय ठेवायला जागा उरत नाही. ठाणे, रायगड, पुणे, नाशिक इकडून माणसे आणि गुरे लोटतात. बैलांच्या दावणी लांबवर लागतात. घोंगड्यांचे ढीग, शेतीची अवजारे, मिठाईची दुकाने, पाळणे, तमाशाचे तंबू असा सगळा थाट. पंधराएक वर्षांपूर्वी माझी बदली या गावाजवळच्या शाळेवर झाली. माझे घर नगरचे. आळेफाटा, ओतूर करीत एस्टी माळशेजचा घाट उतरली की टोकावडे, सरळगाव, मुरबाड; आणि तेथून आडवाटेने म्हसा. बायको नगरला शाळेत होती, म्हणून मी एकटाच खोली शोधीत निघालो.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. यापूर्वी एका तालुक्याच्या गावी मला खोली ठरवून मिळाली होती. इसारही दिला होता. सामान उतरवताना मालकाने माझ्या पुस्तकांत पवित्र शास्त्र पाहिले आणि दुसऱ्या दिवशी "पाहुणे यायचे आहेत" म्हणून इसार परत केला. वाईट शब्द एकही बोलला नाही. पण तो घाव मनात राहिला. आमच्या आडनावाची माणसे देशावर सगळ्या धर्मांत आहेत, नावही चारचौघांसारखे. तेव्हा म्हशाला आल्यावर मी ठरवले, की कोणी विचारल्याशिवाय सांगायचे नाही. आणि विचारले तरी हसून वेळ मारून न्यायची.

खोली मिळाली ती एका कुणबी म्हातारीच्या घरात. तिला सारे गाव आजी म्हणे, मीही म्हणू लागलो. घरात ती, तिचा मुलगा, सून, दोन नातवंडे आणि एक बैलजोडी. दिवाळीला तिने माझ्या खोलीत फराळाचे ताट स्वतः आणून ठेवले. मी नाताळला घरी गेलो आणि परतताना आईने दिलेला करंज्या-अनारशांचा डबा घेऊन आलो. आजीने विचारले, "हा कंचा सण केला, मास्तर?" मी म्हणालो, "सण कसला, आईने असाच दिला." नगरच्या आमच्या घरात ज्या सणासाठी महिनाभर आधी दळणे होतात, त्याला मी 'असाच' म्हणालो. पहिल्या वर्षी म्हणालो, दुसऱ्या वर्षीही म्हणालो. रविवारी मला कल्याणला उपासनेला जावेसे वाटे, पण "दर ऐतवारी कुठं जातो मास्तर?" असा प्रश्न निघेल म्हणून तेही मी सोडले.

तिसऱ्या वर्षी नाताळच्या सुटीत माझा भाचा म्हशाची जत्रा पाहायला आला. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होता. अंगाने किडकिडीत, बोलणे कमी. पहिल्याच रात्री आजीने आम्हां दोघांना जेवायला बोलावले. पानात तांदळाची भाकरी आणि सुकटीचे कालवण वाढले गेले. पोराने हात जोडले, डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत प्रार्थना केली आणि मग घास घेतला. माझा घास घशात अडकला. आजीने पाहिले, पण ती काही बोलली नाही. तिला वाटले असेल, कोणी देवाचे नाव घेऊन जेवतो, तर घेऊ दे.

चार दिवस पोरगा आजीच्या मुलाबरोबर खळ्यावरचा पेंढा वाहू लागला. त्या वेळी त्याने एक गोष्ट पाहिली. जोडीतला उजवा बैल सपाटीवर वाऱ्यासारखा चाले. पण भरली गाडी चढाला लागली की फतकल मारून बसे. शेपटी पिरगाळा, काठी मारा, तो उठायचा नाही. याच बैलाला जत्रेत काढायचे ठरले होते. आलेल्या पैशात घरावरची कौले बदलायची होती.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सारे दावणीपाशी उभे होतो. कर्जतकडचा एक शेतकरी आला. त्याने बैलाचे दात पाहिले, खूर पाहिले, पाठीवरून हात फिरवला. हेड्याने उपरण्याखाली त्याचा हात धरला, बोटे दाबली, माना हलल्या. बोली जुळत आली होती. एवढ्यात त्या शेतकऱ्याचे लक्ष माझ्या भाच्याकडे गेले. परका, शिकलेला पोरगा दिसला म्हणून असेल, त्याने सहज विचारले, "काय रे पोरा, तू हाकलायस का याला? कसा आहे? माझं शेत चढावर आहे."

पोराने आजीच्या मुलाकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. मी मान फिरवून घोंगड्यांकडे पाहू लागलो.

"नांगराला चांगला आहे," पोरगा म्हणाला. "पण भरल्या गाडीला चढावर बसतो."

बोली तेथेच तुटली. तासाभराने त्याच शेतकऱ्याने बैल घेतला, पण साडेतीन हजारांनी कमी देऊन. आजीचा मुलगा घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. अंगणात आल्यावर मात्र त्याचा तोल सुटला. "आमचं मीठ खाल्लंस आणि आमच्याच पोटावर पाय दिलास! हा कसला धर्म रे तुझा?"

तो प्रश्न रागाचा होता, उत्तर मागणारा नव्हताच. पण पोराने उत्तर दिले. "मी ख्रिस्ती आहे, मामा. त्याने मला विचारलं नसतं तर मी बोललो नसतो. विचारल्यावर खोटं बोलता आलं नाही."

सगळे माझ्याकडे वळले. भाचा ख्रिस्ती, तर मामा कोण? आजी माझ्याजवळ आली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते अधिक लागले. "तुमी पन त्येच का, मास्तर?" मी मान हलवली. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "या पोरानं माज्या बैलाची खोड सांगितली. तुमी तुमचा देव लपवलात, जशी काय ती बी खोडच हाय."

वाचकहो, मी पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत. डोंगरावरील प्रवचनातली दिव्याची आणि मिठाची उपमा तर लहानपणापासून पाठ. पण तिचा अर्थ मला त्या अंगणात कळला, आणि तो समजावला अशा बाईने, जिने ते पुस्तक कधी हातात धरले नव्हते. ज्याने इसार परत केला त्याच्यावर मी रागावलो होतो. पण त्याच्या भीतीने मी या घरावरही अविश्वास दाखवला होता. आजी मला घालवून देईल, हे मी तिला न विचारताच ठरवून टाकले होते. खोटे बोलणारा माणूस आधी समोरच्याला लहान करतो आणि मग स्वतः लहान होतो.

गोष्ट येथे संपली असती तर ती लहान मुलांच्या पुस्तकात शोभली असती. पण कौले बदलायची राहिली होती. आजीनेच रात्री पोराला सांगितले, "तू खरं बोललास, बाबा; पन त्याचं मोल आमी दिलं." त्यावर पोराजवळ उत्तर नव्हते. त्याने खिशातले पाचशे रुपये पुढे केले. आजीने ते परत त्याच्या हातात कोंबले. मला वाटले, प्रकरण मिटले. पण आषाढात, लावणीच्या दिवसांत, पोरगा पाठीवर पिशवी घेऊन पुन्हा हजर झाला. दहा दिवस तो त्यांच्या खाचरात वाकून आवण लावीत होता. नगरकडच्या कोरड्या रानातले पोर ते; पहिल्या दोन दिवसांत पायाच्या बोटांची सालटी निघाली. आजीचा मुलगा तीन दिवस त्याच्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी त्याने त्याच्यासाठी इरले आणून बांधावर ठेवले.

आज मला वाटते, की त्या पोराची श्रद्धा दावणीपाशी अर्धी दिसली आणि चिखलात पुरी दिसली. खरे बोलणे सोपे नसते, हे खरेच. पण आपल्या खऱ्याचे ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर पडले तर ते उचलू लागणे, हे त्याहून अवघड आहे.

आमच्या मराठी ख्रिस्ती परंपरेतली मोठी माणसे आठवली की हीच गोष्ट दिसते. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला. आपण त्यांना कवी म्हणून ओळखतो. पण त्यांच्या निर्णयाचे ओझे घरात लक्ष्मीबाईंनी किती वर्षे वाहिले, हे 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यास सांगायला नको. त्या स्वतः पाच वर्षांनी, राहुरीस ख्रिस्ती झाल्या; आणि त्याही आधी त्यांनी मनाशी झगडून जातीचा विटाळ सोडला होता. म्हणजे श्रद्धा प्रथम त्यांच्या पाण्याच्या भांड्यात आली, बाप्तिस्म्याच्या पाण्यात नंतर. ते सोवळे सुटताना मनाची जी ओढाताण झाली, ती त्यांनी जराही न लपवता, स्वतःलाच हसत लिहिली आहे. माझ्या मते त्या पुस्तकाचे मोठेपण या न लपवण्यात आहे.

पंडिता रमाबाईंचे तसेच. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुली घेऊन आल्या. केडगावच्या मुक्तीचा व्याप त्यातून वाढला. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबल मराठीत आणले, आणि ते छापण्याचे काम मुक्तीच्या छापखान्यात तिथल्या बायांनी केले. ज्या बाईला जगाने टाकले तिच्या हाती खिळे देऊन देवाचा शब्द जुळवायला लावणे, यापेक्षा वेगळे प्रवचन काय असते? आणि अगदी आपल्या काळातले पाहायचे तर आमच्या याच जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, २०२४ साली गेले. वसईची हिरवी शेते आणि विहिरींचे पाणी वाचवायला ते 'हरित वसई'च्या चळवळीत लोकांबरोबर रस्त्यावर उतरले. विहिरीचे पाणी काही ख्रिस्ती नसते. ते सगळ्यांच्या घागरीत जाते. म्हणूनच त्या पाण्यासाठी भांडणे ही भक्ती ठरते.

पण ही नावे मी शिबिरात थोडक्यातच घेणार आहे. मोठ्यांची नावे ऐकली की तरुणांना वाटते, आपल्या वाट्याला दुष्काळ येईल तेव्हा पाहू. दुष्काळाची वाट कशाला पाहायची? म्हशाचा बाजार सगळीकडे भरलेला असतो. कचेरीत कोणी खोट्या बिलावर सही मागतो, परीक्षेत शेजारचा वही सरकवतो, खोली शोधताना मालक नाव विचारतो. अशा वेळी धर्माची द्वाही फिरवायची गरज नाही. माझ्या भाच्याने चार दिवस कोणाला काही सांगितले नव्हते. विचारल्यावर मात्र त्याने मान फिरवली नाही. मीठ दिसत नाही, दिवा दिसतो. तरुणांना दिवा होण्याची घाई असते. पण बहुतेक दिवस मिठाचे असतात, एवढेच मला त्यांना सांगायचे आहे.

भाचा आता एका पतसंस्थेत रोखपाल आहे. हे सारे तो विसरला असेल. मी विषय काढला तर लाजतो. आजी वारली त्याला सहा वर्षे झाली. माझीही म्हशाहून बदली झाली, पण तिचा मुलगा दर दिवाळीला एस्टीने फराळाचा डबा पाठवतो. त्या जत्रेनंतरच्या नाताळला मी आजीच्या हातात डबा दिला तेव्हा तिने मुद्दाम, डोळे बारीक करून विचारले होते, "हा कंचा सण, मास्तर?"

"नाताळ, आजी," मी म्हणालो. "आमचा मोठा सण."

"मग असं सांगावं की," ती म्हणाली, आणि एक करंजी मोडून तिने आधी देवापुढे ठेवली.