काळा मणी

मे महिन्याच्या सुट्टीत बहिणीची आणि दिराची मिळून सहा मुलं आमच्या घरी जमली होती. मोबाइलवरून रोज भांडणं. मी शाळेत विज्ञान शिकवते. एका दुपारी मीच म्हटलं, चला, आज डीएनए बनवू. बांगड्यांच्या दुकानातून चार रंगांचे मणी आणले, हार्डवेअरच्या दुकानातून जाड तार आणि शेजारच्या किराणा दुकानातून टूथपिकची डबी.

नियम एकच. लाल मणी म्हणजे ए, त्याच्यासमोर पिवळा टी. हिरवा म्हणजे सी, त्याच्यासमोर निळा जी. दुसरी जोडी लावायची नाही. दोन तारांमध्ये काड्या बसवून शिडी तयार झाली. मग तिला पीळ द्यायचा, साधारण दहा पायऱ्यांना एक वेढा. मुलांनी पहिली शिडी उलटी पिळली. मी खणातून एक स्क्रू काढून दिला. म्हटलं, याच्या आट्यांसारखा पीळ हवा. भाचीने सगळं उलगडून पुन्हा पिळलं. तोवर मी त्यांना सांगितलं की १९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनीही असंच केलं होतं. धातूचे तुकडे तयार होऊन यायला उशीर होता, म्हणून वॉटसनने पुठ्ठा कापून जोड्या लावून पाहिल्या. रोझलिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरणांच्या कामाशिवाय मात्र त्यांना ती शिडी सापडली नसती.

"खऱ्या शिडीत किती पायऱ्या असतात?" भाचीने विचारलं.

"आईकडून आलेल्या सुमारे तीनशे कोटी आणि बापाकडून आलेल्या जवळजवळ तेवढ्याच."

"मग त्यात एक मणी चुकला तर?" हा धाकटा.

मी तख्तावर बसलेल्या खालाकडे पाहिलं. ती सुपारी कातरत होती.

खालाचं लग्न तिच्या सख्ख्या चुलत भावाशी झालं. पहिला मुलगा सहा-सात महिन्यांचा असताना पांढरा पडू लागला. नजर लागली म्हणून मनगटात काळे मणी बांधले, दर्ग्याला नेलं. पुढे निदान झालं, थॅलेसेमिया मेजर. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायचं. चढवलेल्या रक्तातलं लोह साचून हृदय आणि यकृत खराब होत गेलं. पंधराव्या वर्षी तो गेला. इतकी वर्षं नातेवाइकांत एकच बोललं गेलं, हिच्या दुधातच खोट होती. खालूंना कोणी काही बोललं नाही.

मी दोन वाट्या मागवल्या. एक आईची, एक बापाची. प्रत्येक वाटीत एक पांढरा आणि एक काळा मणी टाकला. डोळे मिटून दोन्ही वाट्यांतून एकेक उचलायचा, वहीत लिहायचं, परत टाकायचा. दोन पांढरे म्हणजे मूल पूर्ण निरोगी. एक काळा म्हणजे मूल निरोगी, पण पुढे देऊ शकणारं. दोन काळे म्हणजे आजारी. चाळीस वेळा उचलून झालं: पांढरे-पांढरे ११, मिसळ १९, काळे-काळे १०.

धाकटा म्हणाला, "म्हणजे एकदा दोन काळे आले की पुढची तीन बाळं चांगली!"

"नाही रे. दर वेळी वाट्या पुन्हा तशाच भरलेल्या. पुढच्या बाळालाही चारात एक, त्याच्या पुढच्यालाही चारात एक."

खालाचा अडकित्ता थांबला होता. तिने दोन्ही वाट्या जवळ ओढल्या, आत पाहिलं. "मतलब, दोनों तरफ से?"

"हो खाला. एक मणी तुझा, एक खालूंचा. दोघं धडधाकट, कोणालाच माहीत नव्हतं. एकट्या तुझ्यामुळे झालंच नसतं."

ती काही बोलली नाही. उठून वजू करायला गेली.

त्याच सुट्टीत माझ्या मोठ्या भाच्यासाठी खालाच्या नातीचं स्थळ चाललं होतं. नात्यात लग्न करायची मुभा आपल्याला आहे, पण तो हुकूम नाही. ही गोष्ट फक्त आपल्यातच आहे असंही नाही. मामाची मुलगी करणं महाराष्ट्रात किती घरांत चालतं! सिंधी, पंजाबी, लोहाणा समाजांत तर नात्याबाहेर लग्न करूनही थॅलेसेमियाचं प्रमाण जास्त आहे. फरक इतकाच की सख्ख्या चुलत-मावस भावंडांत सरासरी आठवा हिस्सा वारसा सामाईक असतो, म्हणून तोच काळा मणी दोन्ही वाट्यांत असण्याची शक्यता वाढते. इराणने १९९७ पासून आणि सौदी अरेबियाने २००४ पासून लग्नाआधी ही तपासणी सक्तीची केली. आपल्याकडे मात्र रक्त तपासायचं म्हटलं की मुलीच्या घरच्यांना तो अपमान वाटतो.

म्हणून मी बहिणीला सांगितलं, दोघांचीही एकाच दिवशी करू. आधी मुलाचं रक्त, मग मुलीचं. हिमोग्लोबिन ए-टू मोजणारी साधी तपासणी आहे. बहीण कुरकुरली, "लोक काय म्हणतील?" खाला म्हणाली, "लोक म्हणायचं ते म्हणून झालेत. मी घेऊन जाते."

रिपोर्ट आले. मुलगा निर्धोक, मुलगी वाहक. म्हणजे चिंतेचं कारण नाही. होणारं मूल फार तर वाहक असेल, आजारी नसेल. तारीख ठरली. तरी नात रडत होती. आपल्यात खोट निघाली, एवढंच तिच्या डोक्यात बसलं होतं.

खालाने तिच्या हातात चहाचा कप दिला. "माझ्यातपण आहे तो मणी," ती म्हणाली. "सत्तरी पार केली की मी. चहा पी, गार होतोय."